एका तारेवरचे लंगोट

मयुरीला डायपर मानवत नाही हे समताला कळलं तेव्हा पोरगी जेमतेम चार महिन्यांची होती. मांड्यांच्या सांध्यात लालभडक पुरळ उठलं, कातडं सोलल्यासारखं झालं आणि लेकरू पाय फाकवूनच झोपायला लागलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि सांगितलं, मऊ सुती कापड वापरा, दुसरं काही नको. ते ऐकल्यावर चिखलीला समताच्या आईनं, बनाबाईनं, धुऊन धुऊन विरलेली आपली पातळं फाडली आणि लंगोट शिवायला घेतले. दुहेरी घडी, कडा आतल्या बाजूला, नाड्याही त्याच कापडाच्या. शिवण लेकराला टोचू नये म्हणून टाके बाहेरून घातलेले. वाळूजच्या कारखान्यातून घरी आलेल्या धम्मदीपनं, म्हणजे समताच्या नवऱ्यानं, पहिला लंगोट हातात घेऊन गालाला लावून पाहिला होता.

घरात लंगोट सोपे. नळ आहे, बादली आहे, गॅलरीत दोरी आहे. खरी परीक्षा प्रवासात. समताच्या नणंदा, शेजारणी, सगळ्या एकच सांगायच्या, बाहेर जाताना तरी डायपर घाल, एवढी शिकलेली बाई तू. समता ऐकून घ्यायची आणि आपल्या दोन पिशव्या भरायची. एकीत कोरडे लंगोट, दुसरीत ओल्यासाठी रेक्झिनची थैली. एसटी थांबली की लोक चहाला उतरायचे, ती नळ शोधायची. लंगोट पिळून खिडकीच्या गजाला बांधायचा आणि गाडीच्या वाऱ्यावर वाळवायचा, हेही ती शिकली. कंडक्टर एकदा म्हणाला होता, "ताई, गाडीले झेंडा लावला काय?" तीही हसली होती.

दिवाळीला ती चिखलीला माहेरी आली आणि भाऊबीज झाली तसा पुष्पांजलीचा फोन आला.

पुष्पांजली ही तिची फार्मसी कॉलेजातली मैत्रीण. बुलढाण्याला दोघी दोन वर्षं एका खोलीत राहिलेल्या. एका ताटात जेवलेल्या, परीक्षेच्या दिवसांत एकमेकींचे कपडे घातलेल्या. पुष्पांजलीचं माहेर धाडजवळ, घरची शेती मोठी. पुढं तिचं लग्न अकोल्याला झालं, समताचं संभाजीनगरला, आणि भेटी फोनवर आल्या. पुष्पांजलीचा ऋत्विक मयुरीहून थोडा मोठा.

"मी माहेरी आली. बाबांनी शेतातच नवं घर बांधलं," पुष्पांजली म्हणाली. "तीन-चार दिवस ये ना. पोट्टे खेळतीन, आपण पोटभर बोलू. अन् लंगोटाचं मले शिकव बाई. ऋत्विकलेही डायपर लागून राह्यलं, सारखा रडते."

समताला कितीतरी दिवसांत कुठं जायला मिळालं नव्हतं. नोकरीतून रजा घेतल्यापासून घर आणि लेकरू. तिनं लगेच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी वडलांनी, जानरावांनी, तिला स्टँडवर आणून गाडीत बसवून दिलं. गाडी दिवाळीच्या पाहुण्यांनी खचाखच भरलेली. अर्ध्या रस्त्यात मयुरीनं कार्यक्रम केलाच. शेजारी धोत्र्याच्या फुलासारखं पांढरं डोकं झालेली एक म्हातारी बसली होती. तिनं न विचारता लेकराचे पाय धरले, समतानं लंगोट बदलला. म्हातारी म्हणाली, "असंच पाह्यजे. आमचे आठ लेकरं फडक्यावरच मोठे झाले." समताला उगीचच बरं वाटलं.

धाडच्या स्टँडवर पुष्पांजलीचा धाकटा भाऊ शिवम गाडी घेऊन आला होता. "चला ताई," म्हणत त्यानं बॅगा उचलल्या. घर गावाबाहेर, शेतात. सोयाबीन निघून गेलं होतं, कापसाची पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती आणि तुरीला पिवळा बहर होता. पुष्पांजली फाटकापर्यंत पळत आली. मागून तिची आई मनकर्णाबाई हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. पहिल्यांदा घरी आलेल्या लेकरावरून तिनं तुकडा ओवाळून टाकला, मयुरीच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि पोरगी समताच्या हातातून काढूनच घेतली.

"किती गोड हाये वं. कोणावर गेली?"

"बापावर," समता म्हणाली.

ओसरीत चहा आला. मनकर्णाबाई खाटेवर मयुरीला नाचवत बसली होती. "इंगळे म्हणजे मेहकरकडचे काय?" समताचं सासरचं आडनाव कळल्यावर तिनं विचारलं. "तिकडच्या इंगळ्यात आमची सोयरीक हाये."

समता बोलणार तोच पुष्पांजली म्हणाली, "हो आई, तिकडचेच."

"मंग आपलेच झाले. जावयाचं नाव काय?"

"दीपक," पुष्पांजली म्हणाली.

समतानं बशी खाली ठेवली. पुष्पांजली तिच्याकडे पाहत नव्हती. मनकर्णाबाई मयुरीला म्हणत होती, "दीपकची पोरगी काय तू? दीपकची?" आणि मयुरी खिदळत होती.

आतल्या खोलीत दोघीच राहिल्यावर समतानं दार लोटलं.

"दीपक कोण?"

"हळू बोल."

"हळूच बोलून राह्यली. दीपक कोण, पुष्पा?"

पुष्पांजली पलंगावर बसली. "आई जुन्या वळणाची हाये. तिले समजावत बसलो तं तीन दिवस त्यातच जातीन. तू मले भेटाले आली का आईले?"

"तू मले आधी सांगाले पाह्यजे होतं."

"सांगतलं असतं तं तू आली नसती."

"नसतीच आली."

"मंग? मले काही वाटलं असतं तं म्या बोलावलं असतं काय तुले? होस्टेलले मी तुह्या ताटात जेवली. आतासुद्धा जेवीन." पुष्पांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खोटं नव्हतं. तिनं समताचा हात धरला. "माह्यासाठी एवढं कर. एक नाव तं हाये."

सकाळच्या पहिल्या गाडीनं परत जायचं एवढं समतानं मनाशी ठरवलं.

सकाळी ती बॅग भरत होती तर बाहेरून मनकर्णाबाईचा आवाज. "आण तुही पोरगी. पाणी तापलं." मनकर्णाबाई न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसली होती. ऋत्विकची आंघोळ झाली होती. तिनं मयुरीला पायांवर पालथं घातलं, कोमट तेलानं पाठ चोळली, हात-पाय आडवे-उभे ओढले, टाळू भरली. आपल्या घरी समता भीत भीत आंघोळ घालायची. इथं मयुरी रडली नाही, कण्हत कण्हत सुख घेत राहिली. मग धुरी झाली, गालावर काजळाचा ठिपका लागला आणि पोरगी दुपारपर्यंत गाढ झोपली. बॅग तशीच राहिली.

लंगोट धुवायलाही मनकर्णाबाईनं तिला हात लावू दिला नाही.

"मावशी, मी धुते. घाण हायेत ते."

"लेकराच्या मुतात कायची घाण? तू माहेरी आल्यावानी राह्य." तिनं दोन्ही लेकरांचे कपडे एकाच बादलीत भिजवले, हौदाच्या काठावर आपटले आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीपासून लिंबापर्यंत ओढलेल्या तारेवर टाकले. दुपारच्या उन्हात बनाबाईच्या पातळांचे फिके तुकडे आणि ऋत्विकची दुपटी शेजारी शेजारी वाळत होती. समता ओसरीतून बघत बसली. आपण इथं फसवणूक करून बसलोय असं तिला वाटत होतं आणि त्याच वेळी असंही वाटत होतं, की या बाईला कधीतरी सांगितलं तर ती ऐकून घेईल. जी बाई परक्या पोरीला अशी पायावर घेते ती नक्की ऐकून घेईल.

त्या दुपारी तिघींनी मिळून मनकर्णाबाईची दोन जुनी पातळं फाडली आणि ऋत्विकसाठी लंगोट बेतले. शिवायचं काम पुष्पांजलीच्या वाट्याला आलं आणि तिचे टाके वेडेवाकडे पडले.

"तुह्या लंगोटाचं काम लय साफ हाये," मनकर्णाबाई समताला म्हणाली. "कोणी शिवले?"

"माह्या आईनं."

"हाताले माया हाये तिच्या. ऋत्विकसाठी शिवून देईन का ती?"

"देईन ना. सांगते तिले."

संध्याकाळी धम्मदीपचा फोन आला. समता फोन घेऊन पऱ्हाटीच्या धुऱ्यापर्यंत, पार शेताच्या बांधावर, चालत गेली.

"कसं वाटून राह्यलं?" त्यानं विचारलं.

"छान हाये. मावशी लय चांगल्या हायेत."

"एवढा वारा कायचा येऊन राह्यला? कुठी हायेस?"

"शेतात. रेंज नाई घरात," ती म्हणाली. घरात रेंज भरपूर होती. नवऱ्याचं नाव कोणाच्या कानावर जाऊ नये म्हणून आपण एवढं लांब चालत आलो, हे तिला फोन ठेवल्यावर कळलं आणि ती तिथंच धुऱ्यावर थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं आईला फोन केला. सगळं बरं आहे म्हणून सांगितलं आणि ऋत्विकसाठी लंगोट हवेत एवढा निरोप दिला. बनाबाई खूश झाली. आपल्या शिवणाची वाखाणणी तिनं दोनदा वदवून घेतली.

तिसऱ्या दिवशी सगळे पाझर तलावावर गेले. डब्यात भाकरी, वांग्याचं भरीत, दिवाळीचे उरलेले अनारसे. ऋत्विकला दात येत होते, पोट बिघडलेलं. पुष्पांजलीनं आणलेले सगळे लंगोट पहिल्या तासाभरातच संपले. समतानं आपली कोरडी पिशवी पुढं केली. मनकर्णाबाईनं मयुरीचा लंगोट घेतला, नातवाला बांधला आणि त्याच्या मांडीवरून हात फिरवत म्हणाली, "पाह्य कसा गप झाला. लोण्यावानी कापड हाये." परत येईपर्यंत ऋत्विक मयुरीच्याच लंगोटांत होता. घरी आल्यावर पुन्हा एक बादली, पुन्हा एक तार.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सगळ्या ओसरीत बसल्या होत्या. ऋत्विक आजही मयुरीच्याच लंगोटात आजीच्या मांडीवर पेंगत होता. मयुरी चटईवर पालथी पडून चमचा आपटत होती. मनकर्णाबाईला आठवण झाली.

"लाव बाई तुह्या आईले फोन. मीच बोलते तिच्याशी. एवढं काम सांगाचं अन् दोन शब्दही बोलाचं नाई, बरं दिसत नाई ते."

पुष्पांजली घाईनं म्हणाली, "आता कामात असतीन त्या. राहू दे आई."

"कामात असली तं सांगीन ती."

पुष्पांजलीनं समताकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको.

समताला पक्कं ठाऊक होतं की बनाबाई फोन कसा उचलते. ओळखीचा असो, परका असो, बँकेतला माणूस असो, ती पहिला शब्द एकच बोलते. वडलांच्या नंबरवर लावलं असतं तर ते नुसतं हॅलो म्हणाले असते. आधी बाजूला जाऊन आईला चार शब्द सांगताही आले असते. समतानं यातलं काही केलं नाही. तिनं आईचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन मनकर्णाबाईच्या हातात दिला.

"जय भीम," बनाबाईचा आवाज ओसरीभर झाला. "बोल समता."

मनकर्णाबाईचे ओठ नमस्कार म्हणायला उघडले होते. ते तसेच राहिले.

"हॅलो? आवाज येऊन राह्यला काय?"

"हाव," मनकर्णाबाई म्हणाली. "मी पुष्पाची आई."

"जय भीम ताई. पोरीनं लय तरास देला असंन तुम्हाले. अन् ते लंगोटाचं सांगतलं समतानं. कापड काढून ठेवलं म्या, मऊ हाये. तुमच्या नातवाले काही टोचणार नाई."

"बरं," मनकर्णाबाई म्हणाली. "ठेवते."

तिनं फोन समताच्या पुढं केलेल्या हातात दिला नाही. खाटेच्या कडेला ठेवला. मग तिची नजर मांडीवरच्या ऋत्विककडे गेली. तिनं त्याच्या कमरेची नाडी सोडली, दोन बोटांच्या चिमटीत धरून लंगोट काढला आणि ओसरीच्या पायरीखाली टाकला. पोरगं जागं होऊन रडायला लागलं.

"पुष्पा, न्हाणीत पाणी काढ. याले आंघोळ घालाची हाये."

"सकाळी झाली ना आई त्याची..."

"पाणी काढ म्हटलं."

मग ती समताकडे वळली. आवाज चढला नव्हता. "कोण हात तुमी?"

"बौद्ध हाओत मावशी."

"अन् मेहकरचे इंगळे?"

"इंगळे हाओत. मेहकरचे नाई. माह्या मालकाचं नाव धम्मदीप हाये."

"मंग दीपक कोण?"

समतानं पुष्पांजलीकडे पाहिलं. आता तीच बोलेल, असं तिला खरंच वाटलं. एका खोलीतली दोन वर्षं, एक ताट, पहिल्या दिवशीचं डोळ्यांतलं पाणी, हे सगळं त्या वेळी समताच्या मनात होतं. पुष्पांजली रडणाऱ्या ऋत्विकला छातीशी धरून उभी होती. तिनं लेकराच्या डोक्यावर गाल टेकला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "मले काय माहीत आई? हिनं मले दीपकच सांगतलं होतं."

दोन वर्षं सोबत राहिलेल्या मुलीची जात पोरीला माहीत नसेल यावर मनकर्णाबाईचा विश्वास बसला असेल असं नाही. पण तिनं तो बसवून घेतला. घरातलं माणूस खोटं ठरण्यापेक्षा बाहेरचं ठरलेलं सोयीचं होतं.

"म्या तुह्या लेकराले पायावर घेतलं," ती समताला म्हणाली. "तेल लावलं. तिचं हगलं-मुतलं धुतलं. खोटं बोलून हे सारं करून घेतलं तू माह्याकून. आधी सांगतलं असतं तं म्या काय हाकलून देलं असतं तुले? बाहेरच्या खोलीत सोय केली असती. चहा-पाणी केलं असतं."

समताच्या तोंडात शब्द आले होते. ते सगळे पुष्पांजलीच्या नावाचे होते, आणि ते बोलले तरी इथं कोणी ऐकणार नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "माह्या लेकराले पायावर घ्या म्हणून म्या सांगतलं नव्हतं."

मनकर्णाबाई उठली. मोटारीच्या खोलीला टेकवलेली काठी तिनं घेतली आणि तारेवरचे कपडे एकेक करून खाली पाडले. मयुरीचे लंगोट, ऋत्विकचे नवे लंगोट, दुपटी, सगळं मातीत पडलं. हात तिनं कशालाच लावला नाही.

"सारे घेऊन जाय," ती म्हणाली. "आमचेही ने. आता आमच्या काय कामाचे हायेत ते?"

तेवढ्यात शेषराव, पुष्पांजलीचे वडील, शेतातून आले. काय झालं ते बायकोनं त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. शेषरावांनी टोपी काढून घाम पुसला. ते समतावर रागावले नाहीत. ते शिवमला म्हणाले, "गाडी काढ. हिले फाट्यावर सोडून दे." शिवम गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा राहिला. आईकडे एकदा, बापाकडे एकदा बघितलं त्यानं. गाडीच्या सीटवर समता बसली तर पुढं काय, असा काहीतरी विचार त्याच्या चेहऱ्यावर समताला दिसला. किंवा तिला तसं वाटलं.

"नको काका," ती म्हणाली. "मी जाते पायी."

तिनं मयुरीला कडेवर घेतलं आणि तारेखाली बसून मातीतून आपले लंगोट वेचले. आईचे टाके तिला लांबूनही ओळखू येत होते. ऋत्विकचे तिनं तिथंच राहू दिले. मग पायरीखाली पडलेला, ऋत्विकच्या अंगावरचा ओला लंगोट तिनं उचलला, कारण तो तिचा होता. रेक्झिनच्या थैलीत टाकला. न्हाणीतून ऋत्विकच्या रडण्याचा आणि तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत होता. पुष्पांजली बाहेर आली नाही.

फाट्यापर्यंतचा रस्ता लांब होता. एक बॅग पाठीवर, एक पिशवी हातात, लेकरू कडेवर. समता रडली नाही. तिला स्वतःचा राग येत होता, आणि तो मनकर्णाबाईवरच्या रागाहून जास्त होता. पहिल्याच दिवशी बशी खाली ठेवली तेव्हाच नाव सांगून मोकळं व्हायला हवं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर चहाचा एक कप वाया गेला असता, दुसरं काही नाही. आपण का थांबलो? तेलासाठी? आपल्या पोरीला कोणीतरी आजीसारखं पायावर घेतंय, ते बघत बसायला?

फाट्यावरून धाडला येईपर्यंत मयुरी भिजून गेली होती. पिशवीतला प्रत्येक लंगोट ओला तरी होता नाहीतर मातीत माखलेला. स्टँडजवळ नळाला पाणी नव्हतं. समतानं औषधाच्या दुकानातून डायपर घेतलं आणि एसटीच्या सीटवर पोरीला ते चढवलं. चिखली येईपर्यंत मांड्यांच्या सांध्यात पुन्हा लाली चढली होती.

बनाबाई दारातच बसली होती. तिच्या समोर मऊ पातळाचे कापलेले तुकडे, सुईत दोरा ओवलेला. पोरीला एक दिवस आधी आणि एकटीला आलेलं पाहून ती उठली. मयुरीला घेतलं, डायपर उघडून पाहिलं आणि खोबरेल तेल आणायला आत गेली. परत आली तेव्हा तिनं विचारलं, "त्या बाईनं बोलता बोलता फोन काऊन ठेवून देला? मी काही चुकीचं बोलली काय?"

"नाई आई."

"मंग?"

"तू काही चुकीचं बोलली नाई," समता म्हणाली आणि सगळं सांगितलं. बनाबाई मयुरीच्या मांड्यांना तेल लावत ऐकत होती. एकदाही तिनं वर पाहिलं नाही. सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "जेवली काय तू?"

जानराव मात्र दोन दिवस घरात कोणाशीच बोलले नाहीत.

धम्मदीप रविवारी न्यायला आला. समतानं त्यालाही सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न लपवता. धुऱ्यावरच्या फोनचंही. त्याला मनकर्णाबाईचं नवल वाटलं नाही, पुष्पांजलीचंही फारसं नाही. तो वेगळंच विचारत राहिला.

"म्हणजे तू तीन दिवस ऐकून घेतलं?"

"म्या फोन लावला ना शेवटी."

"शेवटी लावला. त्याच्या आधी तीन दिवस तुह्या पोरीच्या बापाचं नाव दीपक होतं. अन् मी फोन केला तं तू शेतात पळून गेली." तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. "माह्या बापानं हे नाव ठेवलं तेव्हा गावातल्या मास्तरनं शाळेत दुसरं लिहून घेतलं होतं. बापानं शाळेत जाऊन ते बदलून घेतलं. तुले माहीत हाये ते."

तिला माहीत होतं. संभाजीनगरपर्यंत तो तिच्या शेजारी बसून मयुरीला खेळवत राहिला, तिच्याशी बोलला नाही. पुढंही घरातलं बोलणं कामापुरतं झालं आणि ते बरेच दिवस तसंच राहिलं. समतानं दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा तो म्हणाला, "जाऊ दे," आणि दोन्ही वेळा ते गेलं नाही.

थंडी पडली तेव्हा पुष्पांजलीचा फोन आला. समतानं उचलला. का उचलला ते तिलाही सांगता आलं नसतं.

"समता," पलीकडून दबका आवाज आला. "माह्यावर राग हाये ना तुहा?"

समतानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी काय करणार होती? तू पाह्यलं ना आईले. माहेर तुटलं असतं माहं."

"हं."

"पण तूही तशीच हायेस. तुले माहीत होतं तुही आई फोन उचलून काय म्हणते. म्या खुणावलं होतं तुले. तरी लावला."

"हो."

"म्हणजे मुद्दाम लावला."

"मुद्दाम लावला," समता म्हणाली. "तीन दिवस उशिरा लावला."

समतानं फोन कानापासून काढला, तेवढ्यात पुष्पांजली पुन्हा बोलली. आवाज आता नेहमीचा झाला होता, कामाचा.

"एक विचाराचं होतं. ऋत्विकले परत पुरळ आलं. लंगोट आईनं सारे जाळले, अन् इकडं सासूबाई डायपरच घालतात. तू मयुरीले कोणतं मलम लावत होती?"

समतानं डोळे मिटले. मग तिनं मलमाचं नाव सांगितलं. ते लावायच्या आधी जागा कोरडी कर आणि दिवसातून थोडा वेळ त्याला उघडं ठेव, हेही सांगितलं. पुष्पांजली लिहून घेत होती. तिचं "अजून काय?" येण्याच्या आत समतानं फोन बंद केला आणि तो नंबर काढून टाकला.

बाहेरच्या खोलीतून धम्मदीपनं विचारलं, "कोण होतं?"

"पुष्पा."

"काय म्हणे?"

"मलम विचारत होती."

समता गॅलरीत गेली आणि दोरीवरचे वाळलेले लंगोट काढायला लागली.